तो दिवा मी घालवला नव्हता

बटण मी दाबलं होतं, एवढं खरं. प्रोजेक्टरच्या आतून लवंगी फुटावी तसा आवाज झाला, मागच्या जाळीतून थोडा धूर आला आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही. हॉलमध्ये आमचा अख्खा विभाग बसलेला होता. नव्या मुलांचं स्वागत होतं आणि मशीन मांडायचं काम विभागप्रमुख सरांनी मला दिलं होतं. मी शेवटच्या वर्षाला होते, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएससी करत होते. ते काम मिळालं म्हणून आदल्या दिवशी मी मामाकडे दोनदा सांगितलं होतं.

सर उठले. प्रोजेक्टरजवळ न येता, खुर्चीपाशीच उभं राहून म्हणाले, "जिनिंगमधून थेट सेमिनार हॉलमध्ये आलं की असंच होतं."

माझे बाबा आर्वीच्या एका जिनिंगमध्ये मशीनवर कापूस टाकायचे. प्रवेशाच्या वेळी सरांनी वडिलांचा व्यवसाय विचारला होता आणि मी अभिमानाने सांगितला होता. त्यांनी तो लक्षात ठेवला होता, हे त्या दिवशी कळलं. हॉल हसला. नवीन मुलं तर मला ओळखतही नव्हती, पण सगळे हसताहेत म्हणून तीही हसली. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव "फ्यूज" पडलं. कॅन्टीनमध्ये शिरले की कोणीतरी म्हणायचं, "फ्यूज आली रे, लाइट सांभाळा."

मी रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं, असं माझी वर्गातली मैत्रीण म्हणायची. तिच्या मते माणूस रडून मोकळा होतो. मला मोकळं व्हायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की सरांनी, त्याच मुलांसमोर, स्वतःच्या तोंडाने म्हणावं की दिवा हिच्यामुळे गेला नाही. मला तेव्हा हेही माहीत नव्हतं की तो कोणामुळे गेला. फक्त माझ्या बोटामुळे गेला नाही, हे माझं मन सांगत होतं.

प्रोजेक्टर कपाटावर जाऊन बसला. त्याचा दिवा बाहेरच्या देशातून यायचा आणि नवीन मशीनच घेतलेलं परवडेल इतका महाग होता, त्यामुळे कोणी मागवला नाही. प्रोजेक्टचे विषय द्यायची वेळ आली तेव्हा मी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले. म्हटलं, सर, त्याला दुसरा दिवा बसतो का ते मी करून बघू का.

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "घेऊन जा," ते म्हणाले. "मारलाही तूच, आता तिरडीही तूच बांध."

शेजारी बसलेले दुसरे सर हसले. मी "थँक यू सर" म्हटलं. त्या "थँक यू"चा राग मला नंतर कितीतरी दिवस येत राहिला. प्रोजेक्टर ओढणीत गुंडाळून मी ऑटोत बसले आणि बोरगाव मेघेला येईपर्यंत तो मांडीवरून हलू दिला नाही.

बोरगावला मी मामाकडे राहायचे. मामा एसटीत कंडक्टर. घरी दोन खोल्या आणि पुढे टिनाचं छप्पर घातलेली पडवी. पडवीतल्या लोखंडी पलंगावर मी मशीन उघडलं तेव्हा मामी म्हणाली, घरात आधीच एक रेडिओ उघडून पडला आहे, आता हे. तो रेडिओ मामानेच उघडून ठेवला होता.

आतला दिवा बघितला. करंगळीएवढी जाड काचेची नळी, आणि ती मधोमध फुगून फुटली होती. उरलेले काचेचे तुकडे दुधासारखे पांढरे पडले होते. मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. मी ते तुकडे काडेपेटीत भरून ठेवले.

पहिल्यांदा मी सोपा रस्ता धरला. पारदर्शक कागद लावून भिंतीवर दाखवायचं ते जुनं ओव्हरहेड मशीन असतं ना, त्याचा एक हॅलोजन बल्ब प्रयोगशाळेच्या कपाटात पडून होता. तो मागून आणला आणि जुन्या दिव्याच्या जागी बसवला. दिवा लागला, पण मशीन चालू होईना. दोन-तीनदा खटखट करायचं आणि लाल लाइट लावून बंद पडायचं. पुष्कळ दिवस डोकं खाजवल्यावर समजलं की आतला बोर्ड दिव्याकडून उत्तराची वाट बघतो. दिवा लागल्याचा निरोप मिळाला नाही की तो सगळंच बंद करतो. तो निरोप ज्या चार पायांच्या काळ्या तुकड्यातून यायचा, त्याचे दोन पाय मी तारेनं जोडून टाकले. म्हणजे मशीनला खोटं सांगितलं की तुझा दिवा लागला आहे, तू कामाला लाग. झाकणाखाली आणखी एक बटण होतं, झाकण उघडं असलं की तेही मशीन अडवायचं. त्यात आगकाडी खोचली.

मग पडद्यावर, म्हणजे मामाच्या धुतलेल्या धोतरावर, चित्र आलं. व्हीसीडीवर मामेबहिणीच्या लग्नाची सीडी लावली होती. सगळं वऱ्हाड कावीळ झाल्यासारखं पिवळं. मामी स्वतःलाच ओळखेना. आणि थोड्या वेळात जळका वास यायला लागला. हॅलोजनची उष्णता इतकी की आतली एक पातळ फिल्म कडेने तपकिरी झाली होती. मी प्लग काढला. मामा म्हणाला, "मले वाटलं, लग्नात सैपाक करपला."

त्या रात्री जेवताना त्याने विचारलं, "काऊन वं, तू प्रोजेक्टर बनवून राह्यली का त्या मास्तरचा हिशेब करून राह्यली?"

मी म्हटलं, "दोनी."

तो म्हणाला, "मंग बरं हाय. नुसता प्रोजेक्टर असता तर तू आतापर्यंत थकली असती."

वर्ध्यातले एक कापड दुकानदार मामाच्या गाडीने नेहमी जायचे. त्यांच्या दुकानात शोकेसमधल्या साड्यांवर पांढरेशुभ्र, लहानसे पण डोळे दिपवणारे दिवे असत. मेटल हॅलाइड म्हणतात त्यांना. बल्बच्या आत तार नसते, वायूतून ठिणगी जळत राहते, आणि त्या दिव्याबरोबर एक जड चोक आणि पेटवण्यासाठी एक लहान डबी लागते. दुकानाची सजावट बदलली तेव्हा मामाने शब्द टाकला आणि एक चालू दिवा, चोक आणि डबी मला मिळाली. चोक आमच्या पाट्याएवढा जड होता. दुकानदार मामाला म्हणाले होते, भाचीला सांगा, नवरीची साडी ह्याच्या उजेडात चांगली दिसते, चेहरा दिसेल की नाही माहीत नाही.

प्रोजेक्टरमध्ये दिव्यामागे उजेड पुढे फेकणारा वाटीसारखा आरसा असतो, त्याच्या गळ्यात हा दिवा शिरेना. मी घाई केली आणि त्याची बाहेरची काच काढून नुसती आतली कुपी लावून बघितली. चित्र काय लखलखीत आलं म्हणून सांगू. पण संध्याकाळी डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं आणि दुसऱ्या दिवशी उजेडाकडे बघता येईना. ती बाहेरची काच शोभेची नव्हती, आतले घातक किरण अडवायला होती. मामीने डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवल्या आणि मास्तरला भरपूर शिव्या दिल्या, जणू त्यांनीच ती काच काढली होती. मला ते ऐकायला आवडलं.

पुढे दुकानदारांकडून दुसरा दिवा मिळवला, काच तशीच ठेवली आणि आरशाचा गळाच सहाणेवर पाणी टाकून घासत मोठा केला. कॉलेजमधून आले की घासत बसायचे. घासताना सरांचं ते जिनिंगचं वाक्य मनात यायचं. हात थांबत नसे. दिव्यातली ठिणगी आरशाच्या नेमक्या बिंदूवर यायला हवी, केसभर पुढेमागे झाली तरी चित्राचे कोपरे काळे. एका संध्याकाळी कोपरे उजळले. वऱ्हाड पांढरंशुभ्र झालं, नवरीच्या शालूचा हिरवा रंग हिरवा दिसला. मामी खुर्ची ओढून बसली आणि अख्खं लग्न पुन्हा बघितलं. माझं काम तिथेच संपलं असतं.

त्याच आठवड्यात आम्ही सगळे एका बारशाला निघालो होतो. प्रोजेक्टर चालूच होता, मी तो बंद करणार होते. मामा चपला घालता घालता भिंतीकडे गेला आणि त्याने मेन खाली ओढलं. सवयच ती. आमच्याकडे सगळ्यांचीच. तेव्हा लोडशेडिंग होतं, आणि गेलेली लाइन परत यायची ती एकदम चढून यायची. त्यात कोणाचा टीव्ही जाई, कोणाचा फ्रिज. म्हणून घराबाहेर पडताना शहाणा माणूस मेन बंद करूनच पडायचा.

दिवा विझला. त्याबरोबर मशीनमधला पंखाही थांबला. मी जाळीवर हात ठेवला तर चटका बसला. गरम हवा बाहेर फेकणारं आता काहीच नव्हतं. आत दिवा स्वतःच्याच आगीत शिजत होता.

मी तिथेच पलंगावर बसले. बारशाला उशीर झाला तरी उठले नाही. मला आमचा सेमिनार हॉल दिसत होता. दाराजवळचा विजेचा बोर्ड दिसत होता. प्रत्येक सेमिनारला शेवटचा "धन्यवाद" पडद्यावर आला की सर खुर्चीवरून उठायचे, बोर्डापाशी जायचे आणि मेन खाली ओढायचे. त्यांना त्याचा अभिमान होता. आमच्या विभागात एक युनिट वाया जात नाही, असं ते दरवर्षी नवीन मुलांना सांगत. प्रोजेक्टर नेहमीच्या बटणाने बंद केला की थोडा वेळ त्याचा पंखा चालत राहतो, दिवा थंड करतो, मग थांबतो. सरांनी ते त्याला कधी करूच दिलं नाही. दर वेळी आतल्या उष्णतेने काच थोडी थोडी फुगत, पांढरी पडत, कमजोर होत गेली असणार, आणि ती फुटली त्या दिवशी बटणावर बोट माझं होतं. काडेपेटीतले ते पांढरे, फुगलेले तुकडे मला तेव्हा कुठे कळले.

घरी टीव्ही वाचावा म्हणून मामानं जे केलं, त्यानेच तिथे कॉलेजात दिवा मेला. मामाचा मला राग आला नाही. मामा कोणाला जिनिंगवरून बोलला नव्हता.

इतके दिवस माझा राग नुसताच धुमसत होता, आता त्याला बसायला जागा मिळाली. मी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आधीच जाऊन सरांना नीट सांग, ते समजून घेतील. प्रोजेक्टचे मार्क त्यांच्याच हातात आहेत. मी म्हटलं, सांगणार नाही. त्यांना सगळ्यांसमोर मेन ओढू दे.

"तुले मार्क पायजेत का त्याहिचं तोंड पाह्यचं हाय?" तिने विचारलं.

"तोंड," मी म्हटलं. ती म्हणाली, "मंग मी पुढच्या बाकावर बसतो."

मी एकच गोष्ट वाढवली. दिवा थंड करायला कॉम्प्युटरचा एक पंखा लावला आणि त्याला शेजारच्यांच्या जुन्या मोटारसायकलची बॅटरी जोडली. मेन गेलं तरी तो चालणार होता. सरांनी माझा दिवा मारावा, अशी माझी मुळीच इच्छा नव्हती.

परीक्षेच्या दिवशी नागपूरहून बाहेरचे परीक्षक आले होते. हॉलच्या खिडक्यांना काळे पडदे लावले होते. आमच्या वर्गातले सगळे होते, आणि प्रोजेक्टर चालू होणार म्हणून पहिल्या वर्षाची मुलंही मागे येऊन उभी होती, तीच, जी स्वागताच्या दिवशी नवीन होती. मी बोलायला लागले. चोक कसा बसवला, बोर्डाला काय खोटं सांगितलं, आरसा कसा घासला, सगळं सांगितलं. पण माझा एक डोळा दाराजवळच्या खुर्चीवर होता. सर मांडीवर हात ठेवून बसले होते.

पडद्यावर "धन्यवाद" आलं. सर उठले. मी त्यांना थांबवू शकले असते. नुसतं "सर" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

मेन खाली गेलं. हॉल काळोखात बुडाला. आणि त्या काळोखात माझा पंखा एकटा घुमत राहिला.

परीक्षकांनी विचारलं, हा आवाज कसला. कोणीतरी घाईघाईने मेन वर केलं. ट्यूबलाइटी लागल्या, प्रोजेक्टरचे बारके लाइट लागले, पण दिवा लागेना. मागून एकजण म्हणाला, "फ्यूज!" आणि हशा पिकला. सरही हसले. मी ते हसू नीट बघून घेतलं.

मी म्हटलं, दिवा गेला नाही. तो गरम आहे. गरम असताना हा दिवा पुन्हा पेटत नाही, थंड झाला की आपोआप पेटेल. तोपर्यंत हा पंखा त्याला थंड करतो, तो बॅटरीवर आहे. परीक्षक उठून प्रोजेक्टरजवळ आले. जाळीवर हात धरून बघितला. मग त्यांनी विचारलं, आधीच्या दिव्याला अशी सोय नव्हती का.

"होती सर. पण तो पंखा मेनवर चालायचा."

"मग मेन कोण बंद करायचं?"

ह्या प्रश्नाची मी कितीतरी दिवस वाट बघितली होती. खूप खालच्या आवाजात मी म्हटलं, "आमचे सरच. दर वेळी."

मी काडेपेटी उघडून फुटलेली काच त्यांच्या तळहातावर ठेवली. ती फुगून पांढरी का होते, ते त्यांना सांगायची गरज नव्हती. ते सरांकडे बघत होते. सर म्हणाले, विजेची बचत हा विभागाचा नियम आहे. पुढच्या बाकावर कोणीतरी फुसकन हसलं. मग दिवा लागला. आधी निळसर, मग हळूहळू पांढरा. कॉम्प्युटर तोवर पुन्हा चालू केलेला होता, पडद्यावर "धन्यवाद" परत आलं.

गोष्ट तिथेच संपली असती तर मी सरांना सोडून दिलं असतं. पण दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीबाहेर मी उभी असताना आतून सरांचा आवाज आला. ते सांगत होते, "मुलीनं केलेलं नुकसान मुलीनंच भरून दिलं. मीच विषय दिला होता." प्राचार्य खूश होते. पुढच्या आठवड्यात कॉलेज तपासायला समिती येणार होती आणि सरांचं भाषण ह्याच प्रोजेक्टरवर ठरलं.

मी सरांना स्टाफरूममध्ये भेटले. म्हटलं, सर, ते एक वाक्य वर्गात बोला. दिवा माझ्यामुळे गेला नव्हता, एवढंच. त्यांनी मार्कांची आठवण करून दिली. मार्क त्यांनी चांगलेच दिले होते, परीक्षक समोर असल्यामुळे द्यावेच लागले. मी म्हटलं, मार्क नकोत. ते म्हणाले, "लहान आहेस अजून," आणि वर्तमानपत्र उघडलं.

समितीच्या दिवशी सकाळी शिपाई हॉल झाडत असताना मी आत गेले. माझा दिवा काढला. चोक काढला, पेटवायची डबी काढली, पंखा आणि बॅटरी काढली. ते सगळं माझं होतं, कॉलेजचं त्यात काही नव्हतं. प्रोजेक्टरचे स्क्रू एकेक करून पुन्हा घट्ट बसवले, तो कापडाने पुसला आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. म्हटलं, "सर, तुम्ही दिला होता तसाच परत आणलाय."

त्यांना लगेच समजलं. आधी ते रागावले, मग प्राचार्यांना सांगेन म्हणाले. मी म्हटलं, सांगा. प्राचार्यांनी विचारलं तर मीही सांगेन. गळ्यातला टाय त्यांनी दोनदा सारखा केला. मी पिशवी छातीशी धरून उभी होते. पिशवीत चोक असल्यामुळे खांदा दुखत होता, पण मी ती खाली ठेवली नाही.

शेवटी ते उठले. आमच्या वर्गात आले. मुलं समितीसाठी स्वच्छ कपडे घालून बसली होती, पहिल्या वर्षाचीही तिथेच बसवली होती, वर्ग भरलेला दिसावा म्हणून. सर टेबलाजवळ उभे राहिले आणि खिडकीकडे बघत भरभर म्हणाले, "मागे प्रोजेक्टरचा जो दिवा गेला, तो हिच्यामुळे गेला नव्हता. मेन मी बंद करायचो. ठीक आहे?"

हे वाक्य मी पडवीत आरसा घासताना मनातल्या मनात इतक्या वेळा ऐकलं होतं की खरं ऐकताना ते मला फार छोटं वाटलं. आणि ते त्यांनी खिडकीला सांगितलं होतं.

मी म्हटलं, "सर, मागच्या बाकावर ऐकू नाही आलं."

मागच्या बाकावरची मुलं, जी मला वर्षभर फ्यूज म्हणत होती, त्यांतला एकजण म्हणाला, "हो सर, नाई ऐकू आलं."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग वर्गाकडे तोंड केलं आणि तेच वाक्य पुन्हा, शब्द न शब्द, मोठ्या आवाजात म्हटलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्या मी अजून विसरलेले नाही, आणि मला विसरायच्याही नाहीत.

तिसऱ्यांदा म्हणा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात शिपाई धावत आला, समितीच्या गाड्या फाटकातून आत आल्या म्हणून. मी पिशवी उघडली आणि स्क्रूड्रायव्हर काढला.